चुकलो, पण आलो

लातूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

श्री. मल्लिनाथ यांना शिल्पाचा नमस्कार, शरणार्थी.

तुमचं पाकीट परवा पोचलं. तुम्ही सगळ्यांची खुशाली विचारलीय, तर ती आधी लिहून टाकते, म्हणजे एक काम हातावेगळं होईल. तुमच्या आईची आधी. आत्याबाई बऱ्या आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा उन्हाळा सरल्यावर. गुडघे साथ देत नाहीत, तोंड देतं. नीलू तिसरीत आहे. गणितात हुशार, अक्षर तुमच्यावर गेलंय, म्हणजे कोंबडीचे पाय. दुकान चाललंय. मी आहे तशी आहे. झाली खुशाली.

'फोन कर, निवांत बोलू' असं लिहिलंय तुम्ही. फोन करणार नाही. तुमच्या आवाजाशी भांडून मी कधी जिंकले नाही, लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही. तुम्ही नुसतं 'शिल्पा, ऐक तर' म्हणता, की माझा निम्मा राग तिथंच उतरतो. मग फोन ठेवला की मला माझाच राग येतो. म्हणून कागद घेतला. कागदावर तुम्हाला आवाज नाही. इथं मी बोलणार आणि तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेणार.

आता पाकिटातलं एकेक बघू. नीलूला फ्रॉक पाठवलात, तो सहा वर्षांच्या पोरीचा आहे. तिला आठ सरून नववं लागलंय. फ्रॉकावरून मी रागावले नाही. आपल्या दुकानात असले बाप रोज येतात. मागच्या आठवड्यात एक जण आला, रेणापूरकडचा, पायात मातीनं भरलेल्या चपला. पोरीला दप्तर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत हजर, पोरीला निळं पाहिजे म्हणून. निळं नेलं. परत आला, आता म्हणे डब्याला वेगळा कप्पा पाहिजे. मी वैतागून म्हटलं, "दादा, पोरीलाच घेऊन या की एकदा." तर म्हणतो, "न्हाई ताई, तिला सांगून आलोय, या बारीला चुकत न्हाई म्हणून." कप्प्याचं दप्तर घेऊन गेला आणि बिलाची पावती गल्ल्यावर विसरून गेला. असल्या माणसावर कोण रागवेल?

त्या दप्तरावर तुम्हीच होतात. म्हणजे अस्वलबाबा होता. तुम्हाला कल्पना नसेल, पण गंजगोलाईत आपल्या दुकानात शिरलं की पहिल्यांदा तुम्हीच दिसता. 'झाडावरचं घर' मालिका सुरू झाली आणि पोरांना दुसरं काही नकोच झालं. अस्वलबाबाचं दप्तर, अस्वलबाबाचा डबा, अस्वलबाबाची पाण्याची बाटली. नाही ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मग मी सकाळी शटर उघडते, उदबत्ती लावते आणि तुम्हाला ओळीनं खिळ्यांवर टांगते. पोटासाठी करते.

मालिका वाईट नाही, खोटं कशाला बोलू. नीलूबरोबर मी पोरांची सगळी कार्टुनं बघितलीत आणि त्यातल्या बापांचा मला वीट आलाय. एकीचा बाप दूर कुठं समुद्रात गेलेला, तो शेवटच्या भागात येणार. एकाचा भिंतीवर फोटोत. एकाचा पेपरामागं, त्याला चित्र काढणाऱ्यानं तोंडच दिलेलं नाही. आई मात्र सगळीकडं असते, डबा भरते, जखमेला पट्टी लावते आणि तिच्या वाट्याला विनोद एकही येत नाही. नीलूनं या बापांचे दोन भाग पाडलेत. गेलेले आणि चुकणारे. तिला चुकणारे आवडतात.

तुमचं अस्वल चुकणाऱ्यांतलं. मध आणायला जातं आणि चिंचा घेऊन येतं. पिल्लाच्या शाळेची वेळ विसरतं. खुर्ची दुरुस्त करायला घेतं नि टेबलही मोडून ठेवतं. पण भाग संपायच्या आत झाडाखाली येतं, शिडीवर धडपडतं, दार वाजवतं आणि तुमच्या आवाजात म्हणतं, "दार उघडा हो, चुकलो, पण आलो!" आख्ख्या महाराष्ट्राची लेकरं ते वाक्य म्हणून राहिली आहेत. आपल्या गल्लीत संध्याकाळी खेळून घरी जाताना प्रत्येक पोरगं आपापल्या दारात ते ओरडतं. आपल्या दारात कोणी ओरडत नाही, कारण नीलूच घरात असते.

तुम्ही म्हणाल, हे तर कामच आहे, लिहून देणारा दुसरा, मी नुसता आवाज. मलाही ते कळतं. तुम्ही मुंबईला गेलात तेव्हा मीच तुमची बॅग भरली होती. दोन महिने काम बघतो, जमलं तर तुम्हाला नेतो, नाही जमलं तर दुकान आहेच, असं तुमचं बोलणं होतं. पोरगी तीन वर्षांची होती. त्यानंतर तुम्ही एका दिवाळीला आलात आणि पाडव्याला परत गेलात. तिकडं तुमच्याबरोबर कोण राहतं ते मी विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही. माझ्या वाट्याचं भांडण मी कधीच सोडून दिलंय. हे पत्र माझ्यासाठी नाही.

पण तुम्हाला घरातलं एक माहीत नसेल, ते सांगते.

नीलूला मी अस्वलाचं काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते? ती एरवी बघते तशी मालिका बघायची, हसायची, विषय संपला. पण आत्याबाई रोज संध्याकाळी भिंतीला धरून येऊन तिच्याशेजारी बसायला लागल्या. त्यांना चित्र नीट दिसत नव्हतं, डोळ्याचं काम तेव्हा झालं नव्हतं. त्या ऐकायला बसायच्या. आणि शेवटी अस्वल दार उघडा म्हणालं की उठायच्या, गुडघ्यावर हात टेकत ओसरीवर जायच्या आणि आपलं दार उघडायच्या. रोज. पावसाची झड आत येऊ दे, नाहीतर रस्त्यावरची कुत्री येऊ देत.

मी पहिल्यांदा घाबरले. मला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. डॉक्टरांना विचारावं का, असंही मनात आलं. एक दिवस नीलूनंच विचारलं, "आजी, अस्वल बोललं की तू दार काहून उघडतीस गं?"

आत्याबाई म्हणाल्या, "टीव्ही हाय ते मला कळतंय, मी काय येडी न्हाई. पण आवाज माझ्या पोटचा हाय. त्यो दार उघड म्हणतोय, अन् आईनं बसून ऱ्हावं व्हय?"

असं कळलं तुमच्या लेकीला, की तिचा बाप कुठं आहे. मी आत पोळपाटावर भाकरी थापत होते. पीठ हाताला तसंच चिकटलेलं राहिलं. मी आत्याबाईंवर संतापले, नीलू झोपल्यावर त्यांना नाही नाही ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या की, "लेकराला बापाची सावली तरी असू दे की गं माय." मी म्हटलं, सावली पडायला माणूस उभा असावा लागतो. तुमच्यामुळं मी त्या म्हातारीला बोलले, हेही तुमच्या खात्यावर धरा.

त्यानंतर नीलूचं बघणं बदललं. आधी ती लोळत बघायची, आता मांडी घालून बघायला लागली. अस्वल काय काय विसरतं, ते लक्षात ठेवायला लागली. मला सांगायची, "आई, आज पिल्लाचा वाढदिवस विसरला बघ, पण शेवटाला आला." ती वाट बघून राहिली होती, मल्लिनाथ. तिला वाटत होतं, ज्याचा आवाज रोज येतो तो माणूस कधीतरी येणारच. मला ते दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

आता नांदेडचं. ते लिहायचं टाळत टाळत दोन पानं भरली.

तुम्ही पत्रात लिहिलंय, 'मागच्या महिन्यात नांदेडला कार्यक्रमाला आलो होतो, पण लातूरला यायला सवड झाली नाही, भेट राहिली.' भेट राहिली. हे वाक्य मी शुक्रवारपासून किती वेळा वाचलं असेल कोण जाणे.

त्या कार्यक्रमाचा कागद माझ्याच दुकानात लागला होता. माल देणाऱ्या माणसानं आणून दारावर चिकटवला. 'अस्वलबाबाचा खरा आवाज तुमच्या भेटीला, नांदेड' आणि खाली 'मल्ली लातूरकर'. खानापुरे आडनाव तुम्ही कधी टाकून दिलंत ते मला त्या कागदावरून कळलं. मी तो फाडून टाकणार होते, तेवढ्यात नीलू शाळेतून दुकानात आली. तिनं वाचला. रडली नाही, हट्ट केला नाही. फक्त म्हणाली, "मी जाणार." मी रागावले, समजावलं, शाळा बुडते म्हटलं. तर म्हणाली, "रविवार हाय."

मग गेलो आम्ही. एसटीनं, अहमदपूर, लोहा करत. नीलूनं आत्याबाईंनी शिवलेलं हिरवं परकर-पोलकं घातलं होतं. आमचा दादा, अमरनाथ, नांदेडच्या स्टँडवर घ्यायला आला होता. मी त्याला सांगितलं, दादा, तू पोरीला घेऊन रांगेत थांब, मी समोर जाणार नाही. मी त्या हॉलमध्ये लाह्यांच्या गाड्याआड उभी राहिले. तुम्हाला मी दिसले नसेन. मला तुम्ही दिसत होतात. केस रंगवलेत तुम्ही. शेजारी अस्वलाच्या वेशात कोणीतरी नाचत होतं आणि तुम्ही माइक धरून एकेका पोराच्या डाव्या तळव्यावर पंज्याचा शिक्का मारत होतात, उजव्या हातात फुगा देत होतात. माइक चालू होता. आख्ख्या हॉलला सगळं ऐकू येत होतं.

नीलूची पाळी आली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात पुढं करा बरं, मधाचा पंजा देतो!"

आणि माझ्या पोरीनं उजवा हात पुढं केला. डावा पाठीमागं धरला.

"अहं, डावा, डावा!"

"डावा न्हाई देत," ती म्हणाली. "त्याच्यावर लिंग ठेवायचंय. शिवरात्रीच्या आधी माझी दीक्षा हाय."

दिवाळीपासून आत्याबाईंनी तिला तसं सांगून ठेवलंय. आपल्यात दीक्षेनंतर गळ्यातलं इष्टलिंग त्याच तळव्यावर ठेवून पूजा करायची, म्हणून तो तळवा आता देवाचा पाट, त्याच्यावर मेंदी नाही, शाई नाही, काही नाही. पोरीनं ते इतकं मनावर घेतलंय की शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना हातावर तारा काढून दिला, तर हिनं उजव्यावर काढून घेतला. तुमचीही दीक्षा झालीय. तुम्हालाही तुमच्या आजीनं हेच सांगितलं असणार. त्या गर्दीत दुसऱ्या कुणाला ते कळलं नसेल. तुम्हाला कळलं. तुम्ही मान वर केलीत.

नंतर तुम्ही विचारलंत, "नाव काय बाळाचं?"

"नीलांबिका मल्लिनाथ खानापुरे. लातूर."

तुम्ही थांबलात. शिक्का खाली ठेवलात, माइक काखेत धरलात आणि दोन्ही तळवे पँटला पुसलेत. ते मी चांगलं ओळखते. मला मागणी घालायला आलात तेव्हा माझ्या वडिलांसमोर असेच पुसले होते. मी गाड्याआडून एक पाऊल पुढं टाकलं. मला वाटलं, आता. आता हा माणूस माइक खाली ठेवील. मी पाच वर्षांचं सगळं त्या एका क्षणाला माफ करायला तयार झाले होते, शपथेवर सांगते.

आणि तुम्ही माइक तोंडाशी नेलात आणि अस्वलाच्या आवाजात म्हणालात, "वा वा, नीलांबिका! गुणी लेकरू! अस्वलबाबाकडून एक फुगा जास्तीचा! चला, पुढचं कोण?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुमचा आवाज मी पहिल्यांदा कुठं ऐकला ते आठवतं का तुम्हाला? सिद्धेश्वराच्या यात्रेत. मांडवात बसून तुम्ही हरवलेल्या लेकरांची नावं पुकारायचात. लाल झबलं घातलेली, पायात चांदीचे वाळे, नाव सांगता येत नाही, तिच्या वडिलांनी ऑफिसजवळ येऊन घेऊन जावं. मी मैत्रिणींबरोबर पाळण्यात बसले होते आणि मला वाटलं, एवढ्या मायेनं दुसऱ्याच्या लेकराला पुकारणारा माणूस घरी कसा असेल. त्या आवाजावर मी लग्न केलं. नांदेडला एक लेकरू तुमच्यासमोर आलं. त्याला नाव सांगता येत होतं, बापाचं नाव सांगता येत होतं, गाव सांगता येत होतं. आणि तुम्हाला पुकारता आलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, दोन फुगे मांडीवर घेऊन. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा एक फुटला. तिनं फुटलेला रबराचा तुकडा गोळा करून मुठीत धरला आणि म्हणाली, "आई, त्यांनी वळखलं मला."

मी म्हटलं, "कशावरून?"

"अस्वल कधी थांबत न्हाई. सारखं बडबडतं. ते थांबले." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मग अप्पाच्या आवाजात काहून बोलले न्हाईत?"

तिला अप्पाचा आवाज कसा असतो, ते आठवतही नाही. तो अस्वलापेक्षा वेगळा असतो, एवढंच तिनं धरून ठेवलंय. लातूर येईपर्यंत तिनं परत विचारलं नाही.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य. 'नीलूची दीक्षा ठरल्याचं कानावर आलं.' कुणाकडून आलं हो कानावर? पत्रिका अजून छापून आलेल्या नाहीत. मठातल्या महाराजांना तुमचा पत्ता माहीत नाही. आत्याबाईंना तुम्ही फोन करत नाही. अमरनाथला मी विचारलं, त्यानं देवाची आण घेतली की तो तुमच्याशी चकार शब्द बोललेला नाही. एकाच माणसानं तुम्हाला ती बातमी सांगितली. हात पाठीमागं धरून, माइकसमोर. आणि त्याच पत्रात तुम्ही लिहिता की भेट राहिली.

चुकणं मला कळतं. फ्रॉक लहान पाठवणं कळतं. दोन महिने म्हणून जाणं आणि तिकडंच राहणं, तेही एखाद्या दिवशी मला कळेल. पण ज्या लेकराला समोर बघितलं, त्याला बघितलंच नाही असं लिहायला तुमचा हात कसा धजला? ही चूक नाही. चुकणाऱ्याला निदान आपण चुकलो हे तरी माहीत असतं.

आणि एवढं करून पत्राच्या शेवटी तुमचा बेत. 'नीलूला काही सांगू नको. अस्वलाचा ड्रेस मागून घेतलाय. दीक्षेच्या दिवशी बरोबर वेळेला दार वाजवीन आणि म्हणेन, चुकलो, पण आलो! पोरगी नुसती उड्या मारील बघ. मग ड्रेस काढून पाटावर बसतो.'

तुम्हाला खरंच वाटतंय की तिला अस्वल पाहिजे. तुम्हाला वाटतंय, तिला माहीतच नाही. दाराबाहेरसुद्धा तुम्हाला स्वतःचं तोंड घेऊन उभं राहायचं नाही. केसाळ टोपडं घालून यायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात पाच वर्षं खपवून टाकायची. गल्लीतली पोरं गोळा होतील, फोटो काढतील, म्हणतील, नीलूच्या घरी अस्वलबाबा आला. आणि माझी पोरगी विभूती लावून, डावा तळवा जपत मध्ये बसलेली असेल. तिच्या आयुष्यातला तो दिवस आहे, तुमच्या मालिकेचा भाग नाही.

इथं थांबले होते. नीलू शेजारी संगप्पाकाकांच्या नातवंडांत खेळत होती ती घरी आली, तिला ताक-भाकरी दिली. आता परत लिहायला बसले तोवर सहा वाजले आणि तुमची मालिका लागली. समोरच्या खोलीत ती आणि आत्याबाई बसल्यात. नांदेडहून आल्यापासून रोज काय चाललंय, ते आता तुम्हाला लिहितेच. लिहायचं की नाही, हे ठरत नव्हतं.

तिनं मालिका बघणं सोडलेलं नाही. पण आता रिमोट हातात घेऊन बसते. पिल्लू बोलतं, अस्वलीण बोलते, ते सगळं ऐकते. अस्वलबाबानं तोंड उघडलं की म्यूट करते. तिकडं अस्वल नुसतं तोंड हलवतं, आणि त्याचं बोलणं ही बोलते. स्वतःच्या आवाजात, आवाज जाड न करता. पहिल्या दिवशी मला वाटलं, खेळ असेल. मी दारात उभी राहून ऐकलं. अस्वल शिडीवरून पडलं, उठलं, दार वाजवलं, त्याचा जबडा हलला आणि माझी पोरगी म्हणाली, "नीलांबिका, मी वळखलं तुला. मी तुझा अप्पा हाय."

रोज हेच म्हणते. बाकी कधी गंमत करते, मधेच काहीबाही बोलते, पण शेवटचं वाक्य हेच. आता या घटकेलाही म्हणाली, मी इथं लिहिता लिहिता ऐकलं. आणि आत्याबाई हल्ली दार उघडायला उठत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आवाजच येईना, तर कुणाला उघडू?"

तुम्ही तुमचं ते वाक्य किती वेळा बोलून रेकॉर्ड केलं असेल, तुमचं तुम्हाला ठाऊक. जे बोलायला पाहिजे होतं ते तुमची लेक तुमच्या वाटणीचं बोलून राहिलीय, तिसरीतली पोरगी. लाज वाटली पाहिजे. मला वाटते, तुम्हाला नाही वाटली तर.

तर दीक्षेचं. शिवरात्रीच्या आदल्या सोमवारी, सकाळी, घरातच. महाराज येतील. लेकराच्या दोन्ही बाजूंना आईबापानं बसायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. अमरनाथ म्हणाला, मामा म्हणून मी बसतो. आत्याबाई म्हणाल्या, पाटावर मल्लूचं उपरणं ठेवू. माझं म्हणणं होतं, दुसरा पाट मांडायचाच नाही. खरं सांगायचं तर तुमच्या पाकिटाला 'येऊ नका' एवढ्या दोन शब्दांचं उत्तर द्यायचं मी ठरवलं होतं. मग वाटलं, दीक्षा तिची आहे. काल मी तिला विचारलं. पत्र दाखवलं नाही, 'भेट राहिली' हे तिनं वाचू नये म्हणून. एवढंच विचारलं, "अप्पा यायचं म्हणतायत. पाट मांडू का?"

ती पाटीवर रेघोट्या मारत बसली. मग म्हणाली, "मांड. मामा नको, उपरणं नको. मोकळा राहू दे. अप्पा आले तर बसतील." आणि उठून जाता जाता परत वळली. म्हणाली, "पण अस्वल आलं तर आजीला सांग, दार उघडू नको म्हणून."

एवढाच निरोप आहे. तुमच्या बेतातलं तिला मी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. अस्वलाचं ती तिच्या मनानंच बोलली.

याल तर आदल्या दिवशी नका येऊ, सकाळी पोचणाऱ्या गाडीनं या. ड्रेस आणू नका, फुगा नको, फ्रॉक तर नकोच. जड आवाज, हलका आवाज, कसलाच तयार करून येऊ नका. ती तुम्हाला एकच विचारणार आहे, नांदेडला मला वळखलं होतं ना. हाव म्हणा. त्याच्यापुढं माफी, कारणं, रडणं, काही जोडू नका. जमत नसेल तर मुंबईतच राहा, पाट मोकळा राहील आणि ती ते सोसेल. मोकळ्या पाटाशेजारी बसायची तिला सवय आहे. पण तिच्या तोंडावर 'न्हाई वळखलं' म्हणालात, तर मी महाराजांसमोर उठून तुम्हाला दाराबाहेर काढीन, आणि तेव्हा तुमच्या आवाजाचा काही उपयोग होणार नाही.

फ्रॉक परत पाठवते आहे. त्या मापाची नीलू या घरात होती तेव्हा तुम्ही नव्हतात.

नीलांबिकेची आई,
शिल्पा